परदेशी चित्रपट आणि रायगडचा किनारा

पडद्यावर एखादे बेट दिसते. नारळीची बने, काळा कातळ, त्यावर फुटणारी लाट. प्रेक्षक क्षणभर त्या देखाव्यात रमतो व पुढील प्रसंगाकडे वळतो. तो क्षण टिपावयास किती हात राबले, याची कल्पना त्यास क्वचितच असते. परदेशातून आलेल्या मंडळींस तर हे हात जागच्या जागीच मिळवावे लागतात. परवाने काढणे, होड्या ठरविणे, माणसे जमविणे, भोजन-निवासाची सोय लावणे, ही सारी जबाबदारी जो पत्करतो त्यास ह्या व्यवसायात 'लाइन प्रोड्यूसर' म्हणतात. त्याच्यावाचून पाहुण्यांचे पाऊल पुढे पडत नाही.

ह्या कामाचे मोल श्रीलंकेने फार लौकर ओळखले. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' ह्या १९५७ च्या चित्रपटाची कथा सयाम देशातील. परंतु त्यातील लाकडी पूल उभा राहिला तो श्रीलंकेतील एका नदीवर. 'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम' ह्या १९८४ च्या चित्रपटाची कथा हिंदुस्थानातली. पण संहितेतील बदलांवरून सरकारशी जमले नाही, आणि बाह्यचित्रण कँडीच्या परिसरात झाले. दीपा मेहता यांच्या 'वॉटर'चे काशीतील चित्रण २००० साली विरोधामुळे बंद पडले. तोही अखेर श्रीलंकेतच पुरा झाला. कथा आपल्या भूमीची आणि रोजगार शेजाऱ्यास, असा हा व्यवहार!

रायगडच्या किनाऱ्यास देखाव्यांची वाण नाही. उरणनजीक घारापुरी, अलिबागेसमोर कुलाबा, थळसमोर खांदेरी व उंदेरी, मुरुडजवळ राजपुरीपुढे जंजिरा. शिवाय मुंबईतील कसबी कारागीर व यंत्रसामग्री हाकेच्या अंतरावर. मात्र देखावा म्हणजे सोय नव्हे. कुलाबा किल्ल्यात ओहोटीस पायी जाता येते, भरतीस होडीच लागते. ही वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. किनाऱ्यावरील मनुष्य तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो: चतुर्थीस तीन वाजता पूर्ण भरती, अर्थात सकाळी नवाच्या सुमारास ओहोटी. हा साधा हिशेब ठाऊक नसेल, तर दिवसाचे काम पाण्यात जाते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा होड्यांचा भरवसा नाही. राजपुरीचा नावाडी वारा पाहून शीड उभारतो. तो 'आज नको' म्हणाला, तर दिग्दर्शकाने ऐकण्यातच शहाणपण आहे.

परवान्यांचे प्रकरण असेच जिकिरीचे. घारापुरी, कुलाबा व जंजिरा ही पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील स्थळे आहेत. घारापुरीची लेणी १९८७ साली, तर खांदेरी २०२५ साली मराठ्यांच्या इतर दुर्गांसह जागतिक वारशाच्या यादीत गेली. तेथे खिळा ठोकावयाचा तरी विचारूनच ठोकला पाहिजे. परदेशी निर्मात्यांस एकाच ठिकाणी मार्गदर्शन मिळावे म्हणून केंद्र सरकारने २०१५ साली एक स्वतंत्र कचेरी उघडली. आणि भारतात होणाऱ्या खर्चाच्या शेकडा ४० पर्यंत, जास्तीत जास्त ३० कोटी रुपये परत देण्याची योजना २०२३ साली जाहीर झाली. दिल्लीने दार उघडले खरे. पण पाहुण्यास वाट दाखविणारा गावातलाच हवा.

तो गावातला हवा, याला आणखीही कारण आहे. दिवेआगर व हरिहरेश्वर येथील वाळूत कासवे अंडी घालतात, ती साधारणतः हिवाळ्यात. आणि चित्रणासही तेच दिवस सोयीचे. पिल्ले बाहेर पडल्यावर उजेडाच्या रोखाने चालू लागतात. रात्री तेथे प्रखर दिवे लावले, तर ती समुद्राऐवजी दिव्यांकडे जातील. हे ज्यास ठाऊक आहे, त्याने वेळीच हात वर केला पाहिजे.

पाहुणे जातात, मागे काय उरते, हा खरा प्रश्न. १९३४ साली मालाड येथे बॉम्बे टॉकीज निघाली, तेव्हा फ्रान्झ ऑस्टेन व जोसेफ विर्शिंग हे जर्मन तज्ज्ञ तेथे काम करीत. १९३९ साली महायुद्ध पेटले व जर्मन मंडळी स्थानबद्ध झाली. तरीही संस्था बंद पडली नाही. हाताखाली शिकलेल्या हिंदी लोकांनी ती चालविली आणि १९४३ साली 'किस्मत'सारखा गाजलेला बोलपट दिला. विद्या येथेच राहिली होती.

रायगडच्या किनाऱ्याने पाहुण्यांकडे हेच मागावे. होडीचे भाडे व जेवणावळीचे पैसे मिळतील आणि संपतील. लेखी करार, वेळेवर मजुरी व खलाशांचा विमा, हे तर हक्काचेच. परंतु प्रत्येक चमूबरोबर गावातील चार मुले-मुली उमेदवार म्हणून घ्यावीत, अशीही अट असावी. त्यांना प्रकाशयोजना कळेल, हिशेब कळेल, करार वाचता येईल. मग पुढचा पाहुणा येईल, तेव्हा मुंबईहून मध्यस्थ आणावा लागणार नाही. त्याचे स्वागत करावयास नाखव्याचीच लेक धक्क्यावर उभी असेल.