सोळा फुटांवरचा माणूस
(कॅमेरा शिकणाऱ्या पोरापोरींच्या शिबिरात केलेलं भाषण)



मला विषय दिलाय रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचे चेहरे. त्यांच्या नकळत, लांबच्या लेन्सनं टिपलेले. 'कँडिड स्ट्रीट पोर्ट्रेट' म्हणतात याला. नाव गोंडस आहे. मी कॅमेऱ्यावर पोट भरणारा माणूस. लग्नं केली, बारशी केली, पासपोर्टचे फोटो काढले, मोर्च्यांमागं धावलो. कलेवर बोलायला हुशार लोक पुष्कळ आहेत. मी फक्त अंतरावर बोलणार आहे. फुटांत मोजता येतं ते अंतर.

आधी हिशेब करू. कॅमेऱ्यावर ५० एमएमची लेन्स लावा. माणसाचं डोकं, खांदे, छाती चौकटीत भरायची तर तुम्हाला ४ फुटांवर जावं लागतं. ४ फुटांवर माणूस तुमच्याकडं बघतो. भुवई वर करतो. "काय रे, काय पायजे?" म्हणतो. तुम्हाला उत्तर द्यावं लागतं. आता २०० एमएम लावा. तीच चौकट १६ फुटांवरून भरते. मध्ये हातगाडी आहे, रिक्षा आहे, माणसांची रांग आहे. त्याला पत्ताच नाही. मग एवढे पैसे मोजून आपण विकत काय घेतलं? १२ फूट. कुणी आपल्याला प्रश्न विचारू नये म्हणून घेतलेले १२ फूट.

दुसरी गोष्ट. २०० एमएमवर छिद्र २.८ एवढं उघडं ठेवलं, तर १६ फुटांवर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ४ इंचांचा. नाकापासून कानापर्यंत म्हणा. मागचं सगळं लोण्यासारखं वितळतं. बघणारे म्हणतात, काय सुंदर बॅकग्राउंड! मी म्हणतो, माणूस राहिला, त्याचा रस्ता गेला. सकाळी आठला नाक्यावर कामाची वाट बघत उभा असलेला गवंडी घ्या. शेजारचे पन्नास जण पुसले, मुकादम पुसला, पायाशी ठेवलेली थापी आणि डबा चौकटीबाहेर गेला. उरला एक सुरकुतलेला, थकलेला, 'सुंदर' चेहरा. खाली ओळ टाकायची : जिंदगी. अरे, कसली जिंदगी? ती न मिळालेली हजेरी आहे! त्याच्या कपाळावरची आठी ज्या कारणानं पडली, ते कारणच लेन्सनं वितळवून टाकलं.

आता एक गोष्ट न्यूयॉर्कची. फिलिप-लॉर्का डिकोर्सिया नावाचा मोठा फोटोग्राफर. १९९९ ते २००१ या काळात त्यानं टाइम्स स्क्वेअरला परांचीवर फ्लॅश बांधला आणि स्वतः लांब, टेलिफोटो लेन्स लावून उभा राहिला. ठरल्या जागी माणूस आला की वरून उजेड पडायचा, इकडं फोटो. भरदिवसा माणसाला कळायचंही नाही. हजारो फोटोंतून त्यानं १७ निवडले. 'हेड्स' नावानं २००१ साली गॅलरीत लावले. एकेक प्रिंट २० ते ३० हजार डॉलरला गेली. फोटो जबरदस्त आहेत, यात वाद नाही. पण त्यातला एक चेहरा होता एका म्हाताऱ्या, कर्मठ ज्यू माणसाचा. आपली प्रतिमा काढणं-विकणं त्याच्या धर्मश्रद्धेत बसत नव्हतं. त्याला हे कळलं २००५ साली. तो कोर्टात गेला. २००६ साली कोर्ट म्हणालं, ही कला आहे, कलेला संरक्षण आहे. २००७ साली राज्याच्या सर्वोच्च कोर्टानं सांगितलं, दावा पहिल्या प्रसिद्धीपासून एका वर्षात करायला हवा होता, मुदत संपली. ज्याला फोटो निघाल्याचंच ठाऊक नाही, त्याची मुदत त्याच्या नकळत संपली. चेहरा त्याचा. भिंत गॅलरीची, पैसा दुसऱ्याचा.

तिकडं निदान त्या म्हाताऱ्याला कोर्टाची पायरी चढता आली. आपल्याकडं काय? २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. चांगलं झालं. पण रस्त्यावर फोटो काढायला कायद्याची सरसकट बंदी नाही, आणि रस्ता म्हणजे सार्वजनिक जागा, असं म्हणून आपण मोकळे होतो. आता सांगा, ज्याचं घरच फूटपाथ, त्यानं काय करायचं? त्याची आंघोळ सार्वजनिक. त्याची झोप सार्वजनिक. त्याची बायको पोरीची वेणी घालते तेही सार्वजनिक. भिंत ज्याला परवडते त्याचा खासगीपणा भिंतीआड शाबूत. ज्याला परवडत नाही, त्याचं आयुष्य तुमच्या लेन्ससाठी सताड उघडं. म्हणून तर 'स्ट्रीट'च्या फोटोंत हमाल जास्त, भंगारवाल्या बाया जास्त. बिल्डरचा दमलेला चेहरा कुणी टिपलाय का नकळत?

हे नवं नाही. इंग्रज सरकारनं १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. चारशेहून जास्त फोटो. बहुतेक चेहऱ्यांखाली ओळख कसली? जातीची, जमातीची. माणूस म्हणजे नमुना. आज खाली जात लिहीत नाहीत, 'मुंबईचा आत्मा' लिहितात. नाव तेव्हाही नव्हतं, आताही नाही.

आणि अंतराचं आपल्याला कुणी शिकवायला नको. किती पावलं लांब उभं राहायचं, हे आपल्या आज्या-पणज्यांना सांगितलेलं असायचं. केरळात तर जातवार पावलं ठरलेली होती. बोलायचं नाही, शिवायचं नाही, पण काम मात्र घ्यायचं. न बोलता, न शिवता चेहरा घेऊन जाणारी लेन्स हातात आली की मला तो हिशेब आठवतो. तुम्हालाही आठवला पाहिजे.

मग लांबची लेन्स फेकून द्यायची का? मुळीच नाही. लाठी उगारणाऱ्या हाताजवळ ४ फुटांवर जाता येत नाही. मंचावरचा मंत्री, गटारात माणूस उतरवून वर छत्री धरून उभा असलेला ठेकेदार, यांना विचारून फोटो काढलात तर पुरावा मिळत नाही. मैला माणसानं उपसण्यावर कायद्यानं बंदी आली १९९३ साली, पुन्हा कडक कायदा झाला २०१३ साली, तरी काम चालूच आहे. तिथं १६ फूट काय, ६० फुटांवरून मारा. ज्याच्या हातात ताकद आहे त्याच्यावर लांबून नजर ठेवणं ही राखण आहे. ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्यावर लांबून नजर ठेवणं ही शिकार आहे. लेन्स तीच. ती कुणाकडं वळली, एवढाच प्रश्न.

कुणी म्हणेल, विचारलं की माणूस पोझ देतो, खरेपणा जातो. देऊ द्या की! आपल्या घराघरांत आजोबांचा एकच फोटो असतो. स्टुडिओतला. गुडघ्यांवर हात, मान ताठ, अंगात बहुतेक दुसऱ्याचा कोट. तो ताठपणा खोटा होता? आयुष्यभर वाकायला लावलेल्या माणसानं कॅमेऱ्यापुढं तेवढं ताठ बसून घेतलं. आपण कसं दिसावं हे त्यानं ठरवलं. नकळत काढलेल्या फोटोत ते आपण ठरवतो, आणि बहुतेकदा त्याला वाकलेलाच पकडतो. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले ते त्यांच्यात वावरून, त्यांच्या कामाच्या जागी जाऊन. घाण दिसते त्या फोटोंत, पण माणूस त्या घाणीत हरवत नाही.

आता तर टेलिफोटो खिशात आलीय. फोनवर तीनपट, पाचपट झूम. आज टाकलेला चेहरा मशीन उद्या शोधून काढतं. मोर्च्यातल्या पोराचा चेहरा टाकताना दहादा विचार करा. तुमची वाहवा होईल, त्याची नोकरी जाईल.

तेव्हा साधं सांगतो. आधी विचारता आलं तर विचारा. क्षण निसटत असेल तर फोटो काढा, पण मग ते १२ फूट चालून जा. दाखवा. "नको" म्हणाला तर त्याच्यासमोर पुसा, तोंड वाकडं न करता. "असू दे" म्हणाला तर नाव विचारा, लिहू का तेही विचारा. एक प्रिंट काढून त्याच्या हातात द्या. एका चहाच्या पैशांत येते. पुढच्या रविवारी तुम्ही सगळे नाक्यावर जाणार आहात ना? झूम घरी ठेवा. ५० एमएम घेऊन जा, आणि "काय पायजे?" याचं उत्तर तयार ठेवा.