नळाचे पाणी आणि घरातील उपकरणे
(भाषणाचा मजकूर)



सन १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी जलूदहून विंध्याचा चढ चढून इंदूरच्या नळांना आले. तरीही अनेक घरांच्या टाकीत आजही कूपनलिकेचे पाणी पडते. माळव्याच्या काळ्या पाषाणातून झिरपताना त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. साबणास फेस न येणाऱ्या अशा पाण्यास शास्त्रात दुष्फेन व बोलीत जड पाणी म्हणतात.

भारतीय मानकानुसार ही कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. अन्य स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते. तथापि जे पाणी पिण्यास चालते, ते गीझरला मानवेलच असे नाही. पाणी तापले की विरघळलेला क्षार वेगळा होऊन कॉइलवर पांढरे पुट धरतो. हे पुट उष्णता अडविते. परिणामी वीज अधिक लागते व अखेर कॉइल जळते. जुन्या बंबातही हा थर बसत असे. पण तो डोळ्यांना दिसे व खरवडला जाई. गीझरच्या पोटातील थर दिसत नाही, म्हणून तो विसरला जातो.

यावर उपाय सोपे आहेत. गीझरचे तापमान बेताचे ठेवावे व तो वर्षातून एकदा कारागिराकडून साफ करून घ्यावा. किटलीत लिंबाचा रस घातलेले पाणी उकळल्यास पुट सुटते. दोन्ही पाणी येत असल्यास तपासणी करून घ्यावी. जे कमी जड ठरेल ते गीझर व धुलाईयंत्रास, दुसरे फरशीस वापरावे. एवढ्या दुरून आणलेल्या पाण्याचा मान राखण्याचा हाही एक मार्ग होय.