साळगावकर की धेंपो?



देवळाली कॅम्पात फौजी घरांतली मुलं येत-जात असत. तशीच माझ्या बाकावर आली ती वास्कोची. तिचा फुटबॉल संघ साळगावकर. तिला चिडवायला म्हणून मी पणजीचा धेंपो धरला.

१९९९ मध्ये साळगावकर राष्ट्रीय लीगचा विजेता झाला. तिचं खिजवणारं पत्र आलं. इंजिनिअरिंगला माझे दोन विषय राहिले होते. मी उत्तरच दिलं नाही. २००५ मध्ये धेंपो जिंकला, तेव्हा मात्र नंबर शोधून मीच फोन केला. २०१२ पर्यंत धेंपोची पाच विजेतेपदं झाली. मधलं २०११चं साळगावकरनं नेलं आणि तिनं मला रात्री उठवलं.

२०१६ मध्ये दोन्ही क्लबांनी आय-लीग सोडली. तेव्हा माझीही नोकरी गेली होती. तिचा फोन आला, "आता भांडायचं कशावरून?" त्या दिवशी फुटबॉल सोडून आम्ही पहिल्यांदा तासभर बोललो.

२०२४ मध्ये धेंपो आय-लीगमध्ये परतला. साळगावकर अजून नाही. म्हणूनच ती आज मागच्या रांगेत बसली आहे. ये गं पुढे, भांडण बाकी आहे.