डोंगरउतारावरचा हिशेब

सन्माननीय अध्यक्ष, अभ्यासक मंडळी, आणि पहाटे घाट उतरून आलेल्या माझ्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

कळसूबाईच्या या अकोले तालुक्यात स्वागत समितीच्या वतीने मी आपलं मनापासून स्वागत करतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या पाड्यांवरून, जुन्नर-आंबेगावच्या घाटमाथ्यावरून आपण आलात, याचा आम्हाला फार आनंद आहे.

आजच्या परिषदेचा विषय पिकांच्या किफायतीचा, म्हणून थेट आकड्यांवर येतो. 2025-26 साठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला 4,886 रुपये. त्यामागे धरलेला उत्पादनखर्च 3,257 रुपये, त्यावर निम्मा नफा. घरच्या माणसांची मजुरीही त्यात धरलेली असते. पण ही देशाची सरासरी आहे आणि सर्वाधिक नाचणी कर्नाटकात पिकते. आपल्या वरकस जमिनीवर राब भाजायचा, भर पावसात वाकून रोपं लावायची, बेणणी करायची, विळ्याने कणसं कापायची आणि भारे डोक्यावरून घरी आणायचे. जिथे ट्रॅक्टर चढत नाही तिथे बाई चढते. तिचे दिवस त्या सरासरीत पुरते उतरत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

वरईचं दुखणं वेगळं. केंद्राच्या हमीभावाच्या यादीत ती नाहीच. एकादशीला, महाशिवरात्रीला घरोघरी भगर शिजते, तिला शहरात चांगला भाव मिळतो. तो भाव टरफल काढल्यावरचा! उखळात कांडून किती निघणार? म्हणून आपण वरई खळ्यावरूनच सालासकट विकतो आणि पुढची कमाई गिरणीवाल्याकडे जाते. पीक बदलण्याआधी साल काढणारी यंत्रं डोंगरावर आणा, हे माझं मागणं आहे.

पीक बदला म्हणणारे काही जण महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा दाखला देतात. तिथल्या शेतकऱ्यांचं कौतुकच आहे. त्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तिथे गिऱ्हाईक शेताच्या बांधापर्यंत येतं. आमच्या वाडीतून नाशवंत फळ बाजारात पोचेपर्यंत त्याचं काय होईल, याचाही विचार करा. रोपं, ठिबक, मल्चिंगचा कागद यांत पैसा आधी घालावा लागतो. एक हंगाम फसला तर तो पैसा कर्जाच्या रूपाने उरतो. नाचणी बिघडली तर पोटाला चिमटा बसतो, पण सावकार दारात येत नाही.

आणि बियाणं? याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाण जपले, 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. घरचं बी वापरल्याने वाचलेला पैसा, वर्षभर घरात खाल्लेली भाकरी, जनावरांना मिळालेला पेंढा, हे सारं उत्पन्नाच्या बाजूला मांडलं पाहिजे. बाजारात न गेलेलं धान्य शून्य किमतीचं धरणारा ताळेबंद आम्हाला मान्य नाही.

पहिल्या सत्रात गावोगावच्या खर्चाच्या वह्या उघडायच्या आहेत. अभ्यासकांनी प्रत्येक वहीत मजुरीचे दिवस बाईचे आणि पुरुषाचे वेगवेगळे नोंदवून घ्यावेत, एवढी विनंती करतो आणि अध्यक्षांना परिषदेची सूत्रं हाती घेण्यास विनवतो.