केसपेपरवरचं एसओएस



रुग्णवेदनेचं आकलन, मोजमाप आणि व्यवस्थापन यांचा आढावा घ्यावा, असं परिचारिकांच्या या परिषदेच्या संयोजकांनी मला अध्यक्ष म्हणून सुचवलं आहे. तो थोडक्यात घेते. शून्य ते दहाची पट्टी आपण सगळेच वापरतो. लहान मुलांसाठी चेहऱ्यांची पट्टी आली, न बोलणाऱ्या बाळासाठी फ्लॅक आला, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णासाठी सीपॉट आला. वेदनेची आंतरराष्ट्रीय व्याख्या 2020 मध्ये सुधारली. रुग्णाला सांगता येत नाही म्हणून त्याला वेदना नाही असं धरू नका, हे तिच्यासोबतच्या टिपणात स्पष्ट लिहिलं आहे. साधनांची कमतरता आता राहिलेली नाही.

मग इतकी साधनं असूनही आपल्या वॉर्डात माणसं कण्हत का पडतात? माझं उत्तर एक आहे आणि ते बोलायची संधी मी कित्येक वर्षं शोधते आहे. केसपेपरवर अँटिबायोटिकच्या पुढे वेळ लिहिलेली असते. पोटाच्या गोळीपुढेसुद्धा असते. वेदनाशामकापुढे मात्र लिहितात, एसओएस. म्हणजे दुखलं तर द्या. आणि दुखतंय हे सांगायचं कुणी? रुग्णानं.

आपला रुग्ण सांगत नाही. सिस्टर चिडतील, डॉक्टर सुट्टी लांबवतील, सारखं सारखं काय मागायचं, सासूबाई शेजारी बसल्यात, अशा कारणांनी तो गप्प असतो. मी काम केलेल्या एका रुग्णालयात स्पेशल रूम आणि जनरल वॉर्ड एकाच मजल्यावर होते. ऑपरेशन तेच, सर्जन तोच, ऑर्डरही तीच. स्पेशलमधली बेल वाजायची आणि इंजेक्शन जायचं. जनरलमध्ये बेलच नव्हती. तिथली शेतमजूर बाई कॉटची दांडी मुठीत धरून, पायाची बोटं आवळून पडलेली असायची आणि सकाळच्या हँडओव्हरमध्ये वाचलं जायचं, पेशंट शांत, रात्री झोप चांगली. तिनं डोळे मिटले होते, एवढंच खरं होतं. ज्याला आवाज आहे त्यालाच औषध, अशी वाटणी एसओएसनं आपल्या हातून करवून घेतली, याचा मला आजही संताप येतो.

आणि हा फक्त दयामायेचा प्रश्न नाही. पोटावर टाके असलेला माणूस दुखण्याच्या धास्तीनं खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साचतो, ताप येतो, न्यूमोनिया होतो. तो कॉटवरून उतरत नाही आणि पायात गुठळी होते. वेळेवर दिलेल्या पॅरासिटामॉलनं जे टळलं असतं, त्यासाठी पुढे किती महागडी औषधं लागतात, ते इथल्या प्रत्येक इन्चार्ज सिस्टरला ठाऊक आहे.

परिषदेत काल दोन वाद रंगले. पहिला, आकड्यांची पट्टी आपल्या ग्रामीण रुग्णांना झेपते का? माझ्या वॉर्डात एक आजी होत्या. शून्य ते दहा म्हटलं की नुसत्या बघत राहायच्या. मी विचारलं, "आजी, रुपयातलं किती आणे दुखतंय?" ताबडतोब उत्तर आलं, "बारा आणे, बाई." औषधानंतर तासाभरानं पुन्हा विचारलं, तर म्हणाल्या, "आता चार आणे ऱ्हायलं." ताप, नाडी, श्वास नोंदवायच्या टीपीआर चार्टच्या समासात मी दोन्ही नोंदी केल्या. माझ्यापुरता वाद तिथं मिटला. पट्टी कुठलीही घ्या, पण औषधाआधी विचारा, औषधानंतर विचारा आणि दोन्ही लिहा. कालच्या निबंधांत हे 'नंतर' मला क्वचितच भेटलं.

दुसरा वाद मॉर्फिनचा. सवय लागेल, श्वास थांबेल, ही भीती काल तरुण सहकाऱ्यांनीही बोलून दाखवली, याचं वाईट वाटलं. जबड्याच्या कर्करोगाचे एक गृहस्थ आठवतात, तंबाखूनं गेलेला जबडा. दुखणं असह्य झालं की सुई, तोवर तळमळ, आणि सारा दिवस नजर घड्याळावर. आम्ही त्यांना व्यसनी म्हणावं, असंच ते वागणं होतं. पुढे तोंडावाटे मॉर्फिन दर चार तासांनी सुरू झालं, सोबत जुलाबाचं औषध. आम्ही श्वासाची गती आणि गुंगी पाहत होतो. दोन-तीन दिवसांत ते घड्याळ विसरले आणि नातवाला पाढे विचारू लागले. त्यांची मागणी सुटली ती औषध नियमानं मिळाल्यावर.

यात नवं काही नाही. सिसिली सॉन्डर्स मुळात परिचारिका. लंडनच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात स्वयंसेविका म्हणून जात असताना त्यांनी ठरल्या वेळी मॉर्फिन देण्याची पद्धत पाहिली आणि पुढे डॉक्टर होऊन ती जगापुढे मांडली. जागतिक आरोग्य संघटनेनं 1986 मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी घड्याळाप्रमाणे औषध द्या, असं सांगितलं. त्याच वर्षी वांद्र्याला शांती अवेदना सदन हे कर्करोगाच्या रुग्णांसाठीचं शुश्रूषागृह उभं राहिलं. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानं मॉर्फिन दुर्मीळ केलं होतं, 2014 च्या दुरुस्तीनं त्याची वाट पुष्कळ मोकळी केली. कायद्याचं कारण आता पुढे करू नये.

औषध लिहून देण्याचा अधिकार परिचारिकांना द्या, असं मी आज म्हणत नाही. ऑर्डर वेळेची लिहा, एसओएस वरच्या जादा डोससाठी ठेवा आणि ड्रेसिंगच्या आधी औषधाला अर्धा-पाऊण तास द्या, एवढंच म्हणते. राउंडमध्ये एसओएस दिसलं की "सर, वेळ लिहाल का?" असं विचारायचं. पहिल्यांदा भुवया उंचावतील. उंचावू द्या.

वेदनेचा रकाना टीपीआर चार्टवर कायमचा यावा म्हणून एक मसुदा करायचा आहे. जिल्हा रुग्णालयांसाठी वेगळा लागेल का, आण्यांसारख्या स्थानिक पट्ट्या कशा गोळा करायच्या, विद्यार्थिनींच्या प्रात्यक्षिकात हे कुठे बसवायचं, सगळंच ठरायचं आहे. जेवणानंतर मी याच सभागृहात बसणार आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी आपल्या वॉर्डचा कोरा चार्ट सोबत आणावा.