तपासणीच्या खोलीतला कॅमेरा

फेब्रुवारी २०२५ मध्ये एक संतापजनक प्रकार उघड झाला. राजकोटच्या एका प्रसूतिगृहात महिलांची तपासणी होत असतानाची दृश्यं यूट्यूब आणि टेलिग्रामवर पोहोचली होती, पैसे घेऊन विकली जात होती. रुग्णालयाच्या सीसीटीव्हीतूनच ती बाहेर गेली होती. तपासाचे धागे आपल्या लातूर-सांगलीपर्यंत आले. विश्वासाने डॉक्टरांकडे गेलेल्या त्या बायकांचा यात काय दोष? आणि मुळात तपासणीच्या खोलीत कॅमेरा हवाच कशाला?

अशी दृश्यं बाहेर जातात तरी कशी? कॅमेरा कारखान्यातून येतो तेव्हा पुष्कळदा त्याचा पासवर्ड ठरलेला, अगदी साधा असतो. बसवणारा तो तसाच ठेवून जातो. मग कुठेतरी दूर बसलेला माणूस एखाद्या प्रोग्रॅमने इंटरनेटवरचे असे कॅमेरे हुडकतो आणि नेहमीचे पासवर्ड एकेक करून लावून पाहतो. २०१६ मध्ये ‘मिराय’ या घातक प्रोग्रॅमने याच युक्तीने लाखो उपकरणं ताब्यात घेतली होती. त्यात कॅमेरे भरपूर होते.

तेव्हा घरी कॅमेरा बसवलात, तर बसवणारा गेला की पासवर्ड स्वतः बदला. चांगला लांब ठेवा, मुलांची नावं किंवा जन्मतारखा नकोत. सॉफ्टवेअरचे अपडेट टाळू नका. मोबाइलवर पाहायची गरजच नसेल, तर कॅमेऱ्याला इंटरनेट देऊ नका. झोपायच्या खोलीत तर तो नकोच.

असं चोरलेलं खासगी चित्रण पसरवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांना अशी तक्रार नाव न सांगताही करता येते.