मळभाच्या पोटात
(मंडळाच्या सभेत एका सभासद भगिनीने दिलेले भाषण)



श्रावणात सातपाटीच्या किनाऱ्यावर उभे राहावे, तर सारे आभाळ एकाच रंगाचे दिसते. आपण म्हणतो, ‘मळभ आहे, झिमझिम लागेल.’ पण नारळी पौर्णिमेनंतर ज्यांच्या घरची माणसे होडी घेऊन समुद्रात जातात, त्यांना एवढ्याने स्वस्थता येत नाही. त्याच मळभाच्या पोटात एखादा उंच, गडगडणारा ढग दडलेला असू शकतो. खालून आपल्याला दिसतो तो ढगाचा नुसता तळ. चिरोट्याचे पदर पाहायचे तर तो मोडावा लागतो. ढग कोण मोडणार?

हे काम रडार करते. ते रेडिओलहरी सोडते. थेंबांवर आपटून त्या परततात, आणि परतायला लागलेल्या वेळावरून थेंब किती दूर आहेत ते कळते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१२ साली महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा काढली. वाईजवळ मांढरदेवच्या डोंगरावरही (आपल्यापैकी कितीजणी तेथे काळूबाईला जाऊन आल्या असतील!) तिने रडारे ठेवून पावसाळी ढग तपासले. त्यांतल्या एकाची लहर अवघी आठ-नऊ मिलिमीटरची. म्हणून पाऊस न झालेले बारीक थेंबही त्याला सापडतात.

थरांच्या ढगात तर मोठी मौज आहे. वर हिमाचे कण असतात. पाच किलोमीटर उंचीच्या आसपास ते वितळू लागतात. पाक चढावा तसे कणावर पाणी चढते, आणि असा ओला कण रडारला भल्या मोठ्या थेंबासारखा भासतो. त्यामुळे चित्रात तेथे तेजस्वी आडवा पट्टा उमटतो. कण पुरता वितळला की आकसतो, भरभर खाली येतो, आणि पट्टा संपतो. हा पट्टा दिसला की समजावे, संथ पावसाचा थर आहे. पट्टा मोडून उभा खांब दिसला, तर तेथे वारा जोराने वर चढतो आहे. वीज आणि मुसळधार तिथलीच.

आपल्याला जवळची मुंबईतली रडारे: कुलाब्याचे, आणि २०२२ पासून वेरावलीचेही. कुलाबा येथून नव्वद-शंभर किलोमीटर. पृथ्वी गोल, त्यामुळे तेथला किरण इथवर येईतो जमिनीपासून किलोमीटरहून अधिक उंच गेलेला असतो. उंच ढग त्याला चुकत नाही. खालच्या थराची बुरबुर मात्र निसटते. चित्र कोरे आणि तारापूरला दोरीवरचे कपडे भिजलेले, असे होते ते यामुळेच.